थॉर्नक्लफला इंजिन आलं तेव्हा

त्या वर्षी मे महिन्यानंतर थॉर्नक्लफवर ढग म्हणून फिरकला नाही. आमच्या लँकशायरात पावसाची वाट कुणी बघत नाही, तो असतोच. त्यामुळे तो नसला की काय करायचं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. जूनमध्ये ओढ्यातले गोटे उघडे पडले, मग त्यांच्यावरचं शेवाळ वाळून पापुद्र्यांसारखं सुटायला लागलं, आणि एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास लोमॅक्सच्या गिरणीचं पाणचाक थांबलं.

मी सतरा वर्षांची होते. सूतकताईच्या यंत्रावर तुटलेले धागे जोडायचं माझं काम. आधी पायाखालची फळी थरथरायची थांबली, मग चात्या मंदावल्या, मग पट्टे सैल पडले. इतकी शांतता झाली की शेजारच्या बाईच्या पोटातली गुरगुर मला ऐकू आली आणि आम्ही दोघी हसत सुटलो. संध्याकाळी घरी जाताना मात्र कुणी हसत नव्हतं. चाक फिरलं तर काम, आणि काम असेल तर पगार.

ते चाक माझ्या वडिलांनी बांधलेलं. त्यांचं नाव जेबेझ नटॉल. पाणचक्क्यांचे मिस्त्री म्हणून आसपासच्या तीन दऱ्यांत त्यांचं नाव होतं, अकरा चाकं त्यांच्या हातची फिरत होती. पण हे त्यांचं लाडकं. बत्तीस फूट उंच, ओकच्या लाकडाचं, लोखंडी आसाचं. ते थांबल्यापासून बाबा रोज सकाळी बादली घेऊन तिथे जायचे आणि कोरड्या खणांवर पाणी मारत बसायचे.

आई म्हणायची, "आजारी गाईपाशी बसावं तसे बसता. तुमच्या बसण्यानं ओढा भरणार आहे का?"

"लाकूड वाळलं की सांधे उघडतात," बाबा म्हणायचे. "उघडले की पाऊस येऊनही उपयोग नाही."

सहा आठवडे असे गेल्यावर गिरणीचे मालक, मिस्टर लोमॅक्स, आमच्या घरी आले. ते काही जन्मजात साहेब नव्हते. त्यांचा बाप आमच्याच दरीत हातमागावर बसायचा, आणि लहानपणी त्यांनीही बापासाठी कांड्या भरल्या होत्या. त्यामुळे ते स्वयंपाकघरातल्या बाकावर सरळ येऊन बसले आणि आईनं दिलेला चहा बशीत ओतून प्यायले.

"जेबेझ, लिव्हरपूलच्या गोदीत माझ्या कापसाचे गठ्ठे पडून आहेत. मँचेस्टरचे व्यापारी दिवसाआड माणूस धाडतात, कापड कुठाय म्हणून. ब्राझीलमध्ये, हिंदुस्थानात, कुठे कुठे माणसं आपलं कापड अंगावर घ्यायला बसलीत. आणि मी काय करतोय? आभाळाकडे बघतोय."

"पाऊस येईल, मालक."

"येईल की. मग जानेवारीत ओढा गोठेल. मग बर्फ वितळून पूर येईल आणि चाक अर्धं बुडेल. गेल्या वर्षी किती दिवस चाक बंद होतं, सांग मला."

 आकडा बाबांना पाठ होता.

"या डोंगराच्या पोटात कोळसा आहे," मालक म्हणाले. "कालवा तीन मैलांवर येऊन ठेपलाय. मी वाफेचं इंजिन मागवलंय. साठ घोड्यांच्या ताकदीचं."

"साठ घोडे!" आई म्हणाली. "आणि ते बांधणार कुठे?"

मालक हसले. बाबा हसले नाहीत.

"इंजिन उभं करायला त्यांचा माणूस येईल. पण या गिरणीची हाडं तुझ्याइतकी कुणाला माहीत नाहीत. कुठल्या तुळईवर किती भार पेलतो, कुठली भिंत खचते. इंजिनापासून वरच्या मजल्यापर्यंत यंत्रांना ताकद पोचवणारे सगळे फिरते दांडे तू जोडून दे. आणि हो, खालच्या कुरणात नवी शेड बांधतोय. तिथे माग बसवणार. इंजिनावर चालणारे. शंभर."

बाबांनी हातातला कप खाली ठेवला. आई चुलीकडे तोंड करून उभी राहिली.

त्याला कारण होतं. थॉर्नक्लफमध्ये तेव्हा गिरणी फक्त सूत कातायची. कापड व्हायचं ते घराघरांत, हातमागांवर, आणि आमच्या दरीत दोनशेवर घरांतून धोट्याचा खटखटाट चालायचा. त्यातला सगळ्यात चांगला विणकर म्हणजे माझा मामा, आईचा थोरला भाऊ इनॉक कर्शॉ. माडीवर लांबलचक खिडकीखाली त्याचा माग. खिडकीत फुलझाडांच्या कुंड्या, मागावर एक पुस्तक उघडं ठेवलेलं, हातपाय विणताहेत आणि डोळे वाचताहेत. चॅपेलमध्ये तोच मोठ्यानं वाचून दाखवायचा. सोमवारी काम करायचं नाही म्हणजे नाही, गुरुवारी पहाटेपासून करायचं तर करायचं. उठायचं कधी आणि थांबायचं कधी हे त्याचं तो ठरवायचा. त्याच वर्षी वसंतात पलीकडच्या दऱ्यांतल्या विणकरांनी गिरण्यांत घुसून यंत्रमाग फोडले होते आणि सोजिरांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. मामा तेव्हा गेला नव्हता. "फोडून थांबणार नाही ते," म्हणाला होता.

पण या वेळी तो त्याच संध्याकाळी आमच्या दारात उभा राहिला.

"तू त्याचं इंजिन जोडून देणार म्हणे, जेबेझ."

"मी नाही दिलं तर दुसरा देईल."

"मग देऊ दे की दुसऱ्याला! स्वतःच्या चाकाच्या गळ्यावर स्वतःच्याच हातानं सुरी फिरवायची हौस आलीय का तुला?"

"माझं चाक कोरडं पडलंय, इनॉक."

"पाऊस पडला की ते ओलं होईल. माझा माग एकदा थांबला की त्याला कुठला पाऊस?" मामा बहिणीकडे वळला. "बघ गं, तुझ्या नवऱ्याला समजाव."

आई म्हणाली, "भांडायचं तर दोघंही अंगणात जा. इथे वर ओटच्या भाकऱ्या वाळत घातल्यात, तुमच्या ओरडण्यानं पडतील डोक्यावर."

मामा गेला. जाताना माझ्या गालावर टिचकी मारायला विसरला नाही, पण बाबांशी बोलला नाही.

सप्टेंबरात इंजिन आलं. एकदम नाही, तुकड्या-तुकड्यांनी. बॉयलरचे पत्रे, मग सिलिंडर, मग मोठ्या चाकाचे अर्धे-अर्धे भाग. सगळ्यात शेवटी तुळई. सिलिंडरातल्या दट्ट्याची वरखाली हालचाल पलीकडच्या चाकाला पोचवायची ती ही तुळई. चोवीस फूट लांबीचं, सात टनांचं एकसंध ओतीव लोखंड. कालव्यावरून नावेतून आली आणि धक्क्यावर एका खास गाड्यावर चढवली गेली. अठरा घोडे जुंपले होते. सारा गाव मागून चालत होता, शनिवारच्या जत्रेसारखा, आणि त्यात मी अगदी पुढे, गाड्याच्या शेपटाला चिकटून. लोखंडावर ऊन पडलं होतं. एवढी मोठी आणि एवढी गुळगुळीत वस्तू मी जन्मात बघितली नव्हती. तिला हात लावावासा वाटत होता आणि भीतीही वाटत होती.

गावात शिरायला ओढ्यावर एक कमानीचा पूल आहे. त्याच्यावर जाणारी वाट चढाची, दोन्ही बाजूंना दगडी भिंती. गाडा चढाच्या मध्यावर आला आणि पुढचे घोडे एकाएकी थांबले. पुलाच्या माथ्यावर सत्तरेक विणकर एकमेकांच्या हातांत हात अडकवून बसले होते. मधोमध इनॉकमामा.

मालक घोड्यावरून उतरले. "इनॉक, वाट सोड."

"नाही सोडत."

"सोजिरांना बोलावीन."

"बोलवा. आमच्या हातात काठीसुद्धा नाही. बसलोय. राजाच्या रस्त्यावर बसायला बंदी आहे का?"

"अरे, आज अडवशील, उद्या काय करशील? पलीकडच्या प्रत्येक गिरणीत बसतंय हे. माझ्याकडे नसलं तर माझं सूत कोण घेणार, आणि मी तुला काय विणायला देणार?"

"म्हणजे मरायचं ते तुमच्या हातून मरायचं, शेजाऱ्याच्या हातून नको, असंच ना?"

माणसं हसली, मालकांचे गाडीवानही हसले. बाबा पुढे जायला निघाले, मामाशी बोलायला. त्याच क्षणी बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. पुढच्या घोड्यांची साखळी तुटली होती. दहा घोडे उधळले, उरलेल्या आठांचे खूर दगडांवर घसरू लागले, आणि गाडा हळूहळू मागे यायला लागला.

मागे आम्ही होतो. दोनशे-तीनशे माणसं, बायका, कडेवरची पोरं. दोन्हीकडे भिंती. मागच्यांना पुढे काय झालं ते दिसत नव्हतं, ते हटेनात. तुळईचं टोक माझ्या छातीच्या उंचीवर होतं आणि ते माझ्याकडे येत होतं. घाई न करता येत होतं. तेच मला आजही आठवतं, की त्याला कसली घाईच नव्हती.

"दगड!" मामाचा आवाज आला. "भिंतीतले दगड काढा! चाकांखाली!"

सत्तर माणसं उतारावरून धावत आली. काहींनी भिंत ओरबाडून दगड काढले, काहींनी खांदे लावले. विणकर म्हणजे काही पैलवान नव्हेत, वर्षानुवर्षं बसून काम करणारी काटकुळी माणसं ती. मामा भिंत आणि गाडा यांच्यामधून अंग चोरत आला आणि माझ्यासमोर तुळईच्या टोकाला पाठ लावून उभा राहिला. त्याच्या मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या ताठ झाल्या. माझ्या चेहऱ्यापासून त्याचा चेहरा हातभर अंतरावर होता. एक दगड फुटला, दुसरा फुटला, तिसरा टिकला. गाडा थांबला.

कुणीतरी रडायला लागलं. मामानं डोळे उघडून मला बघितलं आणि म्हणाला, "तू इथे काय करतेस, गाढवे?"

पण गाडा तसा अर्ध्या चढावर ठेवता येणार नव्हता. घोडे बिथरलेले, दगड भुगा होत चाललेले. मागे सोडला तर माणसांवर जाणार. एकच दिशा उरली होती. मामानं पुलाकडे बघितलं, मग आपल्या माणसांकडे.  दोर बांधले गेले. ज्या सत्तर माणसांनी पूल अडवला होता त्यांनीच, मामाच्या हाकेच्या तालावर, एकेक पाऊल करत ती तुळई पुलावरून पलीकडे ओढून नेली. बाबा त्यांच्यातच होते, मामाच्या शेजारी, त्याच दोराला.

पलीकडे पोचल्यावर सगळे दोर टाकून उभे राहिले. आपण काय केलं ते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं असावं. मालकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बिअरचं पिंप आणायला सांगितलं. एकाही विणकरानं तोंड लावलं नाही. मामानं कोट उचलला आणि घरी जाऊन मागावर बसला. त्या दिवशी आमच्या गल्लीत संध्याकाळपर्यंत त्याचा धोटा वाजत होता.

इंजिन सुरू झालं ते नोव्हेंबरातल्या एका सोमवारी. उभं करायला आलेला माणूस कॉर्नवॉलचा होता, पास्को नावाचा. ठेंगणा, तांबड्या मिशांचा, आणि इंजिनाशी घोड्याशी बोलावं तसं बोलणारा. बाबा दोन महिने त्याच्याबरोबर राबले होते. ओळंबा आणि दोरी घेऊन तिन्ही मजल्यांवरचे दांडे त्यांनी एका रेषेत आणले.  एकदा जेवताना म्हणाले, "पास्को केसाएवढा फरक म्हणतो. मला वाटलं बोलण्याची पद्धत असेल. नाही, तो खरोखर केस मधे धरून बघतो."

त्या दिवशी बाहेर धो धो पाऊस पडत होता. ओढा दुथडी भरून वाहत होता. कुणी ढुंकून पाहत नव्हतं. आम्ही सगळे इंजिनघराच्या दारांत, खिडक्यांत, जिन्यांत दाटून उभे होतो. आत ऊब होती, चरबीचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास होता. ती तुळई आता आमच्या डोक्यांवर, उंच खांबांवर आडवी होती. हिरव्या रंगानं रंगवलेली.

पास्कोनं एक दांडी ओढली. सुस्कारा ऐकू आला. एका खोलीएवढ्या छातीतून कुणी श्वास सोडावा तसा. तुळईचं एक टोक खाली झुकलं, दुसरं वर गेलं. सात टन लोखंड, ज्याला हलवायला अठरा घोडे आणि सत्तर माणसं लागली होती, ते मान डोलावल्यासारखं डोललं. पुन्हा सुस्कारा. मोठं चाक फिरायला लागलं. आधी त्याचे आरे मोजता येत होते, मग येईनात. जमीन थरथरली नाही. याचंच सगळ्यांना नवल वाटलं. पाणचाक सुरू असताना अख्खी इमारत खोकल्यासारखी हलायची. इथे काहीच नाही. आईनं शेजारच्या खिडकीत काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी ठेवली होती, तिच्यातलं पाणी नुसतं शहारलं. सांडलं नाही.

"देवा रे," आई म्हणाली. शिवी नव्हे, प्रार्थनाही नव्हे.

बाबा जिन्याकडे धावले. मी त्यांच्यामागे. पहिला मजला, दांडा फिरतोय. दुसरा मजला, फिरतोय. तिसऱ्या मजल्यावर पाणचाकाची ताकद कधी नीट पोचलीच नव्हती. बाबांनी पंधरा वर्षं त्यावर डोकं खाजवलं होतं. तिथे, त्या रिकाम्या मजल्यावर, छताखाली तो लांबलचक दांडा इतका सरळ आणि इतका शांत फिरत होता की तो फिरतोय हे त्याच्यावरच्या एका तेलाच्या थेंबावरून कळत होतं. बाबांनी शिडी लावली, वर चढले, आणि दांड्याच्या बेअरिंगवर तळहात ठेवला. बराच वेळ काढलाच नाही.

"बाबा?"

"गरमसुद्धा नाही लागत, डॉर्कस." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. "हे रात्री थकणार नाही. उन्हाळ्यात आटणार नाही. हिवाळ्यात गोठणार नाही. माणसानं कोळशाच्या फावड्यावर हे सगळं... मी असं काही करू शकेन असं मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं गं."

त्यानंतर त्यांनी एकही नवं पाणचाक बांधलं नाही. कुणी बांधायला सांगितलंच नाही. ते गिरणीचे मिस्त्री झाले, बाराही महिने पगार मिळू लागला. आमच्या घरी खिडकीला पडदा आला.

मी नव्या शेडमध्ये दोन यंत्रमागांवर गेले. शंभर माग एका छपराखाली सुरू झाले की आवाज कानांनी ऐकायचा राहत नाही, दातांत ऐकू येतो. आठ दिवसांत आम्ही बायका ओठ वाचून बोलायला शिकलो. कोण कुणावर मरतंय, कुणाच्या घरी काय शिजलं, सगळं शेडच्या या टोकापासून त्या टोकाला, आवाज न करता. पाच मिनिटं उशीर झाला की फाटक बंद. सूर्य, कोंबडा, चॅपेलची घंटा, सगळं मागे पडलं आणि गिरणीची घंटा उरली. आयर्लंडहून माणसं आली, डोंगराखाली कोळसा काढायला माणसं आली, एकसारख्या घरांच्या रांगा वर चढत गेल्या. ओढ्याचं पाणी कधी निळं तर कधी तांबडं वाहायला लागलं. आणि मी, सतरा संपून अठरावं लागलेली मुलगी, मामापेक्षा जास्त पगार घरी आणत होते. पगाराच्या दिवशी त्याच्या दारावरून जाताना मी पावलं जपून टाकायचे.

पुढच्या वसंतात, एका दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर, मामा स्वतः गिरणीच्या फाटकाशी आला आणि बाबांना बोलावून घेतलं. पुलानंतर ते दोघं धड बोलले नव्हते.

"दाखव," मामा म्हणाला.

बाबा त्याला इंजिनघरात घेऊन गेले आणि तिथून मला निरोप धाडला. मी पोचले तेव्हा मामा टोपी हातात घेऊन उभा होता, चॅपेलमध्ये उभा राहतो तसा. तुळई वर-खाली होत होती. त्याची मानही तिच्याबरोबर वर-खाली होत होती, त्याच्या नकळत.

"हिलाच मी पाठ लावली होती," तो म्हणाला.

"हो, मामा."

"गावात मला काय चिडवतात माहीत आहे ना? इनॉकनं इंजिनाला खांदा दिला." तो थोडंसं हसला. "खांदा माझ्या मागाला दिला मी त्या दिवशी. फक्त मढं कुणाचं ते उशिरा कळलं."

बाबा म्हणाले, "तू नसतास तर ही पोर आज नसती, इनॉक."

"ते आहेच." मग माझ्याकडे वळून, "चल, तुझं काम बघू."

शेडच्या दारातच त्यानं कानांवर हात ठेवले. पण आत आला. माझ्या मागापाशी उभा राहून त्यानं धोट्याकडे बघितलं, मग गुंडाळल्या जाणाऱ्या कापडावर अंगठा फिरवला. काठ बघितला. खिशातून भिंग काढून एक इंचातले धागे बघितले. मग दुसरीकडे बघितले, मग तिसरीकडे. सगळ्या बायका ओठांनी विचारत होत्या, काय म्हणतो, काय म्हणतो?

तो माझ्या कानाशी ओरडला, "चाळीस वर्षांत इतकी एकसारखी वीण मला एकदाही जमली नाही!"

एवढंच. भिंग पुसलं, खिशात ठेवलं. पण त्याचा चेहरा मी बघितला. एखादा माणूस समुद्र पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला आपण केवढे आहोत ते कळतं, तसा तो चेहरा होता. दुःख होतंच. पण दुःखापेक्षा मोठं काहीतरी त्यात होतं.

मामानं माग विकला नाही. एकदोन व्यापारी उंची रेशमाची कामं द्यायचे, ती तो करत राहिला. अर्धा आठवडा काम, अर्धा आठवडा उपास. गिरणीत कामाला जायला मात्र त्यानं साफ नकार दिला. आई लापशीचं भांडं फडक्यात बांधून त्याच्याकडे धाडायची, आणि तो भांडं रिकामं करून त्यात एखादं फुलाचं रोप लावून परत पाठवायचा.

चार वर्षांनी गिरणीची सकाळची घंटा अर्धा तास अलीकडे आली. संध्याकाळची मात्र होती तिथेच राहिली. कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही. एका सोमवारी साडेसहाऐवजी सहाला घंटा झाली आणि जे साडेसहाला आले त्यांना फाटक बंद. मालकांना विचारायला गेलेल्या दोघींना त्यांनी सांगितलं, "इंजिन तापवायला कोळसा लागतो. ते तापलंय तर चालू दे."

आम्ही बायका मामाकडे गेलो. त्याच्याइतकं चांगलं लिहिणारं गावात कुणी नव्हतं. मी म्हटलं, "मामा, आम्हाला अर्ज लिहून दे."

"मी? यंत्रमागवाल्यांसाठी?"

"तूच."

त्यानं खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. मग मागावर बसूनच, गुडघ्यावर कागद ठेवून, त्यानं लिहिलं. वाचून दाखवलं तेव्हा आमच्यातल्या काहीजणी रडल्या, कारण त्यात भीक नव्हती. शेवटी त्यानं विचारलं, "आणि नाही म्हणाले तर?"

"तर आत जाणार नाही."

"किती जणी?"

आम्हाला माहीत नव्हतं.

मालक नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी मे महिन्यातली सकाळ होती, उजेड स्वच्छ पडला होता. सहाची घंटा झाली. मी फाटकासमोर उभी राहिले. शेजारी एक आली, मग चार, मग रांगांच्या गल्ल्यांतून लाकडी तळाच्या बुटांचा खडखडाट सुरू झाला. रोजचाच तो आवाज, पण आज फाटकाशी येऊन थांबत होता. शेडच्या बायका आल्या, सूतकताईवाले आले, आयरिश आले, कोळशावाले आले, म्हातारे हातमागवाले आले आणि टोपी हातात घेऊन बायकांच्या मागे उभे राहिले. मी मागे वळून बघितलं तेव्हा रस्ता दिसत नव्हता. डोकीच डोकी, वर वळणापर्यंत. आपण इतके आहोत हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. रोज घाईनं आत जायचो, थकून बाहेर पडायचो. एकमेकांना असं उजेडात, एका जागी, कधी बघितलंच नव्हतं. छाती भरून आली. नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी तुळई पहिल्यांदा हलताना बघितली तेव्हाही अशी भरून आली नव्हती.

आत इंजिन सुरू झालं. सुस्कारा ऐकू आला. शंभर मागांचा कडकडाट मात्र उठला नाही. बाबा फाटकाच्या आतून आले आणि गजांतून मला म्हणाले, "डॉर्कस, ते रिकामंच फिरतंय. सगळे दांडे फिरताहेत, वरपासून खालपर्यंत. आणि एक इंचही कापड निघत नाही." ते थोडा वेळ ऐकत राहिले. "रिकामं फिरताना त्याचा आवाज वेगळाच येतो. मला माहीतच नव्हतं." मग त्यांनी फाटकाची कडी काढली आणि बाहेर येऊन आमच्यात उभे राहिले.

नऊ दिवसांनी घंटा साडेसहावर परत आली. मालकांनी कारण दिलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. तिघींना मात्र परत घेतलं नाही. त्यातली एक मी.

मी कपड्यांचं बोचकं बांधलं आणि डोंगर चढून मँचेस्टरच्या वाटेला लागले. मामा माथ्यापर्यंत आला. दम लागला होता त्याला, पण मधे थांबला नाही. वर पोचल्यावर आम्ही दोघंही थांबलो. समोरच्या साऱ्या मैदानावर गिरण्यांच्या धुराच्या चिमण्या उभ्या होत्या. मी चाळिसांपर्यंत मोजल्या, मग पलीकडच्या धुरात त्या मोजायच्या राहून गेल्या. प्रत्येकीखाली एक इंजिन, आणि प्रत्येक इंजिनाखाली आमच्यासारखी शेकडो माणसं.

"केवढं हे," मामा पुटपुटला.

"भीती वाटते का, मामा?"

"वाटते की." त्यानं माझं बोचकं माझ्या खांद्यावर नीट चढवून दिलं. "तिथे गेल्यावर आधी बघ, कुणाला अर्ज लिहिता येतो ते."

मी खाली उतरायला लागले.